पाच बोल्टांचं वर्तुळ
जुनी रोड बाईक घेऊन येणारा माणूस बहुधा निदान घरूनच करून येतो. ‘पुढच्या दोन्ही चेनरिंग गेल्यात, स्वस्तातल्या बघून टाका.’ मी त्या दातेरी चकत्यांकडे न बघता आधी चेनला पट्टी लावतो. चेनच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. २४ कड्यांचे बरोबर १२ इंच भरायला हवेत. शेवटची पिन एक-सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची. एक-अष्टमांश गेली असेल तर मागचे दातेही बहुतेक खलास झालेले असतात. पुढच्या चकतीला दाते जास्त, ओढ जास्त दात्यांवर वाटली जाते, म्हणून ती सगळ्यांच्या शेवटी हार मानते. कित्येकदा नवी चेन आणि मागचं नवं फ्रीव्हील यांवरच काम भागतं. सगळ्यात स्वस्त चकती म्हणजे न बदललेली चकती, हे गिऱ्हाइकाला पटवणं मात्र अवघड.

झिजलेले दाते एका बाजूला कललेले, शार्कच्या पंखासारखे दिसतात. पण नुसत्या नजरेवर विसंबू नये. अलीकडच्या मोठ्या चकत्यांवर काही दाते मुद्दामच आखूड केलेले असतात, चेन एकीवरून दुसरीवर सहज जावी म्हणून. ते बघून घाबरलेले लोक चांगला माल भंगारात देतात.

बदलायचीच ठरली, तर पहिला प्रश्न कंपनीचा नाही, चकती पेडलच्या क्रँकला धरणाऱ्या पाच बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा. पाच भोकांत कुठलंही भोक दुसऱ्याच्या बरोबर समोर येत नाही, त्यामुळे व्यास थेट मोजता येत नाही. मी व्हर्नियर घेतो, एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजतो आणि १.७०१ ने गुणतो. ७६.४ आलं तर वर्तुळ १३० मिलिमीटरचं, ६४.७ आलं तर ११०चं, ८४.६ आलं तर कॅम्पानोलोचं जुनं १४४. ७९.४ आलं तर १३५, हेही कॅम्पानोलोचंच, पण नंतरचं. १३० आणि १३५ यांत भोकांच्या अंतराचा फरक जेमतेम तीन मिलिमीटर. डोळ्याला तो कळत नाही, चकती बसवायला गेलं की कळतो.

किंमत ठरते ती इथे. चकतीतलं ॲल्युमिनियम इथूनतिथून तेच. १३०चं वर्तुळ शिमानोने रोड बाईकच्या क्रँकवर वर्षानुवर्षं वापरलं, म्हणून त्या मापाच्या चकत्या फ्रान्सच्या स्ट्राँगलाइट आणि टीएपासून जपानच्या सुगिनोपर्यंत अनेकांनी केल्या, आणि पर्याय असला की भाव उतरतो. १४४ची गोष्ट वेगळी. तिथे तुमची बोली संग्राहकांच्या बोलीशी लागते. जुन्या स्ट्राँगलाइट क्रँकचं १२२ निघालं तर मी मालकाला आधी चहा पाजतो.

पैसे मोठ्या चकतीवर घालावेत असं माझं मत. चेन वर चढवणाऱ्या खाचा आणि छोट्या पिना तिच्याच आतल्या अंगाला असतात. त्या नसल्या तर गिअर बदलताना रोज कटकट. लहान चकती साधी, सपाट चालते. चेन तिच्यावर पडायची असते, चढायची नसते. स्टीलची मिळाली तरी मी आनंदाने घालतो. वजन वाढेल म्हणून कुरकुरणाऱ्या गृहस्थांच्या पोटाकडे मी बघत नाही. चेन किती स्पीडची आहे एवढं मात्र बघावं. सात-आठ स्पीडच्या जुन्या क्रँकवर दहा स्पीडची अरुंद चेन घातली, तर ती कधीकधी दोन चकत्यांच्या मधल्या फटीत उतरते आणि पाय गरकन फिरतो.

पुण्यात हा विषय शेवटी सिंहगडाच्या चढावर येतो. पुढे ४२, मागे २५ दाते घेऊन तो चढ चढणाऱ्याला मी ३९ सुचवतो. पेडल सुमारे सात टक्के हलकं होतं. १३०च्या क्रँकवर ३८च्या खाली जाता येत नाही, आणि १४४वर तर ४१च शेवटचे. कुणाला ३४च हवे असतील, तर चकत्या शोधत बसण्यात अर्थ नाही. ११०चा वापरलेला क्रँक घ्यावा. दोन नव्या चकत्यांच्या पैशांत तो अनेकदा येतो.

बसवताना मोठ्या चकतीवरची बाहेर आलेली पिन क्रँकच्या दांड्यामागे यायला हवी. चेन बाहेर पडलीच तर दांडा आणि चकती यांच्या मध्ये अडकू नये, एवढंच तिचं काम. ५२ काढून ५० घातले तर चेन सरकवणारा पुढचा डिरेलर खाली घ्यायचा, तो आणि दाते यांच्या मधे एक ते तीन मिलिमीटर फट ठेवून. बोल्टांना ग्रीस. आणि उतरवलेली चेन मी मालकाला परत देत नाही. दिली, की ‘अजून बरी आहे’ म्हणत तो तीच नव्या चकतीवर चढवतो.