दुखण्याला नंबर देणारी नोकरी

मैत्रिणींनो, ‘मेडिकल कोडिंग शिका, घरबसल्या कमवा’ ही जाहिरात हल्ली गावोगावच्या सुशिक्षित सुनांच्या फोनवर येते. हे काम म्हणजे नुसतं टायपिंग, असा पुष्कळजणींचा समज आहे. तसं ते मुळीच नाही. डॉक्टरांनी लिहिलेले रुग्णाचे कागद वाचायचे, दुखणं काय आणि उपचार कोणते ते समजून घ्यायचं, आणि प्रत्येकाला ठरलेला कोड लावायचा, असं हे काम. अमेरिकेत विमा कंपनी दवाखान्याचं बिल या कोडवरूनच तपासते. तिकडचं बरंचसं काम चेन्नई, हैदराबाद, पुणे, नवी मुंबईच्या कंपन्यांत होतं. दुखण्याच्या कोडचं मूळ पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेचं, ‘आय.सी.डी.’. त्याच्या दहाव्या आवृत्तीवरून केलेले कोड अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केले. तपासण्या आणि शस्त्रक्रियांचे कोड ‘सी.पी.टी.’ या वेगळ्या पुस्तकात असतात. ते तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९६६ साली प्रथम काढलं.

माझी धाकटी जाऊ प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आहे. तिच्या मनाने हा कोर्स घेतला. एका क्लासने चाळीस हजार मागितले, तेही आठ दिवसांत. तिच्या भिशीचे पैसे नुकतेच आले होते. ती म्हणाली, “ताई, तुम्ही शिकवता, जरा नीट वाचून बघा ना.” मी बी.ए., शाळेत अर्धवेळ शिकवते. पण दोघी मिळून वाचायला बसलो. रात्री ओटा आवरला की तासभर.

आमच्या तळोदा भागात सिकलसेलचा आजार घरोघरी माहीत आहे, म्हणून त्याचंच पान आधी काढलं. मुलाला प्रत्यक्ष आजार असेल, पण सध्या झटका नसेल, तर कोड डी ५७.१. अंग दुखण्याचा झटका आलेला असेल तर डी ५७.० चा गट. आणि मूल फक्त वाहक असेल, म्हणजे स्वतः आजारी नसेल, तर डी ५७.३. एका आकड्याच्या चुकीने निरोगी मूल कागदावर आजारी ठरायचं! हात मोडला एवढंही पुरत नाही. उजवा की डावा, कोणतं हाड, उपचार चालू आहेत की नुसतं दाखवायला आले आहेत, हे सारं त्या कोडमध्ये येतं. तेव्हा शिकायचं असतं ते शरीरशास्त्र, इंग्रजी वैद्यकीय शब्द आणि कोड लावण्याचे नियम. शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणं, असं एकेक जमवत जायचं.

या क्षेत्रात मान आहे तो सी.पी.सी. परीक्षेला. ही अमेरिकेतल्या ‘ए.ए.पी.सी.’ संस्थेची परीक्षा. चार तासांत शंभर प्रश्न, कोडची पुस्तकं समोर ठेवायला परवानगी, आणि पास व्हायला सत्तर टक्के. नव्याने पास झालेल्याच्या पदवीमागे शिकाऊ म्हणून ‘ए’ अक्षर लागतं. क्लासचं स्वतःचं सर्टिफिकेट निराळं, हे विसरू नका. पैसे भरण्याआधी विचारा: फीमध्ये परीक्षेची फी आहे का? पुस्तकं चालू वर्षाची आहेत का? कोड दरवर्षी बदलतात. ‘नोकरीची हमी’ लेखी देता का? आमच्या जावेने हेच विचारलं, तर पलीकडून फोनच बंद झाला. भिशीचे पैसे वाचले.

बी.ए. झालेल्या बहिणींना एक स्पष्ट सांगते. परीक्षेला आपल्यालाही बसता येतं, पण कंपन्या बहुधा बी.एस्सी., फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपीवाल्यांना आधी बोलावतात. सोप्या कागदांना आता संगणकही कोड सुचवू लागला आहे. म्हणून कच्च्या तयारीवर विसंबू नये.

आणि घरबसल्याचं म्हणाल, तर ते पहिल्या दिवसापासून क्वचितच मिळतं. रुग्णांची माहिती गुप्त ठेवायची असते, म्हणून नवख्यांना बहुतेक ऑफिसातच बसवतात. म्हणजे तळोद्याहून पुणे! आमच्याकडे तो कोर्सच्या पैशांपेक्षा मोठा प्रश्न झाला. मुलगा चार वर्षांचा. सासूबाई म्हणाल्या, “लेकराला सोडून कशी जाईल?” सासरे, आमचे नाना, दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, “मुलगा शिकायला गेला असता तर आपण हे विचारलं असतं का?”

आता असं ठरलं आहे. सहा महिने घरीच शरीरशास्त्र पक्कं करायचं, मग परीक्षा, आणि नोकरी लागली तर ती पुण्याला मावशीकडे राहील. मुलाची शाळा, डबा, अभ्यास माझ्याकडे. भाऊजींनी दर महिन्याला मुलाला घेऊन पुण्याला जायचं कबूल केलं आहे. नोकरी लागेलच असं कुणी सांगू शकत नाही. पण आपल्या घरातली कुणी शिकू पाहत असेल, तर फीच्या आधी एवढा हिशेब करा: ती बाहेर गेल्यावर घरातलं कोणतं काम कोण उचलणार? तो हिशेब जमला, तरच कोर्सचा उपयोग.