परदेशातील आंबा आणि फ्रीजची घाई



न्यू जर्सीच्या दुकानातून आणलेला तांबडा, कडक आंबा त्याच दिवशी फ्रीजमध्ये टाकावा, आठवड्याने चिरावा, तो पाणचट निघाला म्हणून परदेशात खाण्याजोगे फळच मिळत नाही असा निकाल द्यावा आणि वर कोणत्या जातीचा आंबा घ्यावा असेही विचारावे, हे सारे, आजीच्या माळ्यावरील आढीचा कारभार जिच्या हाती असे त्या भाचीच्या, म्हणजे तुझ्याच पत्रात वाचून मामाला फार वाईट वाटले. जातीचा प्रश्न गौण आहे. तिकडे सर्रास दिसणारा टॉमी अ‍ॅटकिन्स हा फ्लोरिडातील वाण जाड साल, रंग आणि प्रवास सोसण्याची ताकद यांमुळे व्यापाऱ्यांचा लाडका झाला. त्यापेक्षा मेक्सिकोचा पिवळा, कमी रेषांचा अताउल्फो घ्यावा, एवढे उत्तर पुरे.

खरा दोष थंडीचा आहे. झाडावरून उतरवलेले फळ जिवंत असते, त्याचे श्वसन चालू असते, आणि आंबा, केळे, पपई यांसारख्या फळांत पिकण्याच्या वेळी श्वसनाचा वेग एकदम वाढून इथिलीन नावाचा वायू सुटतो, ज्याच्या प्रभावाने गरातील पिष्टाची साखर होते व सुवास तयार होतो. (अननसाचे तसे नाही, तो कापल्यानंतर अधिक गोड होत नाही, म्हणून तो पिकलेलाच घ्यावा.) कच्चा आंबा सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली दिवसचे दिवस राहिला, तर त्याच्या पेशींची आवरणे दुखावतात, सालीवर करडे डाग पडतात, आणि नंतर बाहेर काढला तरी तो नीट पिकत नाही, यालाच शीतइजा म्हणतात. घरचा फ्रीज सुमारे ४ अंशांवर चालतो. उष्ण प्रदेशातील फळाला इतक्या थंडीत कोंडणे हा त्या फळावर आणि ते पिकवणाऱ्यावर अन्याय आहे, हे मामाचे मत जुनेच आहे आणि ते बदलणार नाही.

त्या फळाने आधीच पुष्कळ सोसलेले असते. मेक्सिकोचे बहुतेक आंबे फळमाशीच्या अळ्या मराव्यात म्हणून सुमारे ४६ अंशांच्या पाण्यात तासभर किंवा अधिक काळ बुडवले जातात. भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार २००७ साली पुन्हा उघडले ते विकिरणाच्या अटीवर, आणि त्या वर्षी ते काम कांद्याच्या लासलगावातील केंद्रात झाले. विकिरणाने फळ किरणोत्सारी होत नाही, हे सासूबाईंना समजावून सांगावे. तेव्हा आंबा कागदी पिशवीत, शेजारी एक पिकलेले केळे ठेवून, खोलीच्या उबेत राहू द्यावा. देठापाशी वास सुटला आणि बोटाखाली गर किंचित दबला की मगच, हवा तर, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवावा. आजीच्या आढीतील पेंढ्याचे कामही या पिशवीसारखेच होते, आणि ते तुला निराळे सांगावे लागावे याचे नवल वाटते.

परंतु पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या एका ओळीने आंब्याचा विषय मागे पडला. नवी फळे चाखण्याच्या हौसेने कमरखे, म्हणजे कोकणातील करंबळे, घरी आणली असून सासऱ्यांना त्यांचा रस आवडला, असे त्या ओळीत आहे. या फळात ऑक्सॅलेट भरपूर असते, शिवाय कॅरम्बॉक्सिन हे मेंदूवर परिणाम करणारे विषही असते. निरोगी मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात, पण ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांच्या शरीरात ते साचते आणि न थांबणारी उचकी, भ्रम, झटके व प्रसंगी मृत्यूपर्यंत मजल जाते. थोड्या रसानेही असे घडू शकते. सासऱ्यांच्या मूत्रपिंडांचे दुखणे तुला ठाऊक असताना हे विचारल्यावाचून कसे दिले गेले, हा प्रश्न मामाला राहून राहून छळतो आहे. उरलेली फळे आजच टाकून द्यावीत, किती रस घेतला हे त्यांच्या डॉक्टरांना लगेच कळवावे, आणि उचकी लागली तर सकाळची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्यावे.