चमच्यावर टिकेल इतकं घट्ट

आमच्या कराडकडे बाळाचं पहिलं अन्न म्हणजे वरणाचं पाणी. डाळ शिजून खाली बसली की वरचं पिवळसर पाणी वाटीत काढायचं आणि त्यात तुपाचा थेंब सोडायचा. माझ्या मुलीला सहा महिने पूर्ण झाले, मामानं सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवून उष्टावण केलं आणि दुसऱ्या दिवशीपासून सासूबाईंनी ती वाटी काढायला सुरुवात केली.

वजनासाठी अंगणवाडीत गेले तेव्हा ताईंनी विचारलं, "काय देताय?" मी सांगितलं. त्यांनी चमचा घेतला, तिरका धरला आणि म्हणाल्या, "ह्यावरनं पटकन ओघळतंय ते अजून पातळ आहे. पाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही." मग त्यांनी जे समजावलं ते मला आजही प्रत्येक आईला सांगावंसं वाटतं. या वयात बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात जेमतेम एक पेलाभर. तेवढ्या जागेत पाणी भरलं तर बाळ हूं म्हणून तोंड फिरवतं आणि आपल्याला वाटतं, जेवलं. सहा ते आठ महिन्यांत अंगावरच्या दुधाशिवाय रोज सुमारे २०० कॅलरी वरच्या अन्नातून मिळायला हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००. शिवाय पोटात असताना बाळानं साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतं आणि आईच्या दुधात ते फार थोडं असतं. डाळीतलं लोह आणि प्रथिनं राहतात ती तळाशी.

घरी हे सांगणं सोपं नव्हतं. सासूबाईंनी दोन मुलं याच पाण्यावर सुरू केली होती. "अहो आई, आपण डाळच कुस्करून देऊ या का?" असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, घशात अडकेल. जड पडेल." ती भीती खोटी नव्हती. मुलीला दाटसर घास दिला की कधी उमासा यायचा, चेहरा लाल व्हायचा आणि आम्हा दोघींचा जीव वर यायचा. या वयात उमाशाची जागा जिभेवर बरीच पुढे असते, म्हणून घास मागे जाण्याआधीच बाळ तो बाहेर ढकलतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. आवाज येतोय, बाळ खोकतंय, तोवर त्याचं त्याला जमू द्यायचं. आवाजच निघेना, खोकताही येईना, तर मात्र घास खरंच अडकला आहे. हा फरक कळल्यावर माझा हात थरथरायचा थांबला.

तोडगा शेवटी सासूबाईंच्याच डब्यात सापडला. तांदूळ आणि मूगडाळ भाजून भरडलेलं खिमट त्या आठव्या महिन्यापासून द्यायच्या. आम्ही ते अलीकडे ओढलं, एवढंच. वर तूप, कधी शिजवून कुस्करलेला लाल भोपळा. मीठ मात्र घातलं नाही. "मिठाशिवाय पोरगी खाईल कशी?" हा प्रश्न रोज यायचा. ती खायची, कारण मिठाची चव तिला ठाऊकच नव्हती. साखर आणि गूळ दूर ठेवले, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं.

सगळ्यात जास्त जीव रमला तो नाचणीत. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद भाजून दळायची. नुसत्या पिठाची लापशी गार होता होता खळीसारखी घट्ट होते, म्हणून आपण पाणी वाढवतो आणि पुन्हा तेच पातळ पाणी बाळाच्या तोंडी जातं. मोडाच्या पिठातला विकर पिष्टाचे तुकडे करतो. त्यामुळे पीठ जास्त घालूनही लापशी मऊ राहते आणि गिळायला सोपी जाते. मोडांमुळे लोह अंगी लागायलाही मदत होते. कुठल्या तरी आजीनं हे शेकडो वर्षांपूर्वी हातानं ओळखलं असणार, याचा मला फार आदर वाटतो.

उकडलेलं अंडं सातव्या महिन्यातच दिलं, नीट शिजवून, कुस्करून. नवव्या महिन्यात बारीक केलेलं कोंबडीचं काळीज, अगदी थोडं. त्यावर घरात चर्चा झाली, पण मुलीनं वाटी चाटून पुसली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी सुमारे ११ टक्केच निघाली. तो आकडा वाचला तेव्हा मला गरिबी आठवलीच, पण डाळ घरात असूनही वरचं पाणीच मिळणारी बाळंही आठवली.

अकराव्या महिन्यात तिला जुलाब लागले. शेजारणी म्हणाल्या, पोटाला आराम द्या, खाणं बंद करा. या वेळी सासूबाई माझ्याआधी बोलल्या: "बंद कशाला? ताकद कुठून येईल मग?" ओआरएस, झिंकच्या गोळ्या आणि अंगावरचं दूध चालू ठेवलं, खिमट थोडं थोडं भरवत राहिलो. बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त दिलं. पुढच्या वजनाला तिचा बिंदू कार्डावरच्या हिरव्या पट्ट्यातच पडला आणि ताईंनी सासूबाईंकडे खिमटाचं प्रमाण लिहून मागितलं.