पोचा

लोदच्या गल्लीत आजोबांची जुनी प्यूजो ४०४ पिकअप उभी असते. परवा नातवाने वळवताना ती खांबाला लावली. पुढच्या मडगार्डला चांगला वितभर पोचा पडला. "लांबी भरून टाकू," नातू म्हणाला. आजोबांनी ऐकले नाही. लांबी शेवटी लावायची, तीही कागदासारखी पातळ. जाड भरली की तडकते.

इथे या कामाला पखाखूत म्हणतात. पाख म्हणजे पत्रा. आजोबा ते भायखळ्याच्या गॅरेजात शिकले. पोचा मधोमध ठोकायचा नाही. आधी कडेची उठलेली घडी हलकेच बसवायची, मग मध्याकडे यायचे. आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायची आणि बाहेरून हातोडी. घाईने जोरात मारले की पत्रा ताणतो आणि डब्याच्या झाकणासारखा टकटक आतबाहेर करू लागतो. मग तो तापवून, ओल्या फडक्याने आटवावा लागतो. (हैफाच्या सुसिता गाडीला ही कटकट नव्हती. ती फायबरग्लासची, पोचा न पडता सरळ तडकायची.)

हातोडी डॉलीवर पडली की टण्ण वाजते, चुकली की बद्द. आजोबांना आता नीट ऐकू येत नाही. तळहात फिरवून उंचसखल कळते, पण आवाजाला नातू लागतो. त्याला मराठी जेमतेम.

"बद्द," तो ओरडतो. आजोबा डॉली बोटभर सरकवतात.

"बद्द."

पुन्हा सरकवतात.

"टण्ण, आजोबा!"

शब्बाथला दोन तास उरले होते आणि पोचा अजून अर्धाच निघाला होता.