कुसळ

नवऱ्याची बदली सुप्याच्या एमआयडीसीत झाली आणि घरात प्रश्न आला: नगरला राहायला जायचं का? पुण्याच्या वाघोलीहून सुप्याला रोज जाऊन-येऊन करायचं म्हणजे दिवसाचे चार तास रस्त्यावर. माझं काम मुद्रितशोधनाचं. टेबल आणि उजेड मिळाला की भागतं. लेक आठवीत. हिशेब कागदावर मांडला तर पाच मिनिटांत संपत होता. इथल्या दोन खोल्यांचा जो हप्ता जातो, त्याच्या निम्म्या भाड्यात नगरच्या सावेडीत घर मिळत होतं, पुढे अंगण, कोपऱ्यात पेरूचं झाड. तरी तीन महिने आमचं काही ठरेना.

ज्याला सांगावं तो विचारायचा, "नगरला? तिथं काय आहे?" विचारणाऱ्यांतले निम्मे नगर जिल्ह्यातलेच. आमच्या मजल्यावर चार घरं. एक पारनेरचं, एक पाथर्डीचं. पाथर्डीच्या काकूंनी तर माझा हात धरला. म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांनी कोयता घेऊन गाव सोडलं ताई, तवा पोरं शिकली. तुम्ही उलट्या कशाला निघालात?" दसरा-दिवाळी झाली की त्या भागातून आजही बिऱ्हाडं ऊसतोडीला बाहेर पडतात. ज्यांनी गाव नाइलाजाने सोडलं त्यांना आमचं हे स्वस्ताईचं गणित कसं दिसत असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

शेवटी दिवाळीनंतर चार दिवस सावेडीतल्या मावशीकडे राहून बघायचं ठरलं. शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो, आणि थोड्या वेळाने इमारती मागे पडून आभाळ खाली उतरतं. डोळ्यांना इतक्या लांबचं बघायची सवय राहिलेली नव्हती. लेक खिडकीला नाक लावून म्हणाली, "आई, इथं सगळंच लांब आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता नळाने घसा खाकरला आणि मावशी उठली. सावेडीत पाणी दिवसाआड येतं. मुळा धरण भरलेलं असो वा नसो, वार पाळायचा. तिने आधी तांब्याच्या हंड्याला फडकं बांधलं, मग स्वयंपाकघरातली पिंपं, मग न्हाणीतलं, शेवटी बादल्या. शेजारीपाजारी मोटरी घरघरायला लागल्या. परवाचं उरलेलं पाणी तिने ओतून दिलं नाही. अर्धं तुळशीला, अर्धं फरशीला. ती ओल्या पदराने कपाळ पुसत होती तेव्हा मी म्हटलं, "मावशी, तुला याचा कंटाळा नाही येत?"

"अगं, कंटाळा कसला? तुमच्याकडे टँकर येतो ना उन्हाळ्यात? तो कधी येणार हे तुला माहीत असतं का? मला माझा वार माहीत आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "या, जरूर या. पण घर बघताना खोल्या मोजू नकोस. आधी हौद किती मोठा आहे ते बघ."

नगरच्या माणसाने नगरबद्दल सांगितलेली याहून खरी गोष्ट मी ऐकलेली नाही. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, 1646 मीटर उंचीचं कळसूबाई आहे. भंडारदऱ्याकडे पाऊस नुसता कोसळतो. ढग तिथेच रिते होतात आणि नगरकडे येईतो त्यांच्यात फारसं उरत नाही. तरी शहर इथेच वसलं: मलिक अहमदने 1490 साली भिंगारजवळ बहमनी फौज हरवली आणि पुढे जुन्नरची राजधानी सोडून सीनेच्या काठी हे शहर वसवलं. त्याची नजर दौलताबादवर होती आणि ही जागा जुन्नर-दौलताबादच्या मध्यावर पडत होती. तोही सोयीची जागा बघूनच आला म्हणायचा. पण त्याच्या निजामशाहीत जे काम झालं त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते खापरी नळांचं. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून भाजक्या मातीच्या नळांनी शहरात आणि बागांत आणलं. फराहबागेचा महाल आज तळं आटून उभा आहे. त्याच्या चहूबाजूंनी कधी पाणी होतं, हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती रिकाम्या खड्ड्याकडे बराच वेळ बघत राहिली.

भुईकोट किल्ल्यावरही गेलो. 1942च्या ऑगस्टमध्ये पंडित नेहरू आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीचे नेते इथे कैदेत आले. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नेहरूंनी 1944 साली इथेच लिहिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यातला बागेचा उल्लेख जास्त जवळचा. दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेल्या त्या जमिनीत ते आळी खणत, फुलझाडं लावत. स्वतःहून न आलेल्या माणसानेही इथली माती उकरली.

संध्याकाळी कापडबाजारात लेकीसाठी ओढणी घेतली. दुकानदार आजोबांनी पैसे मोजता मोजता विचारलं, "कोणाच्या तुम्ही?" मी मावशीचं नाव सांगितलं. "बाईंची भाची होय!" म्हणून त्यांनी आतून चहा मागवला. मावशीने त्यांच्या दोन्ही मुलांना शिकवलं होतं. वाघोलीत आठ वर्षं झाली, मला हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. लेक मात्र बाहेर येताच म्हणाली, "तुला सगळे ओळखतील. मला कोण ओळखणार?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

परतताना वाट वाकडी करून कर्जतजवळच्या रेहेकुरीला गेलो. काळविटांसाठी 1980 साली राखलेलं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं अभयारण्य. गवत पिकून पिवळं झालेलं, मध्ये हिवर आणि बाभळी. काळाकुळकुळीत नर मान वर करून उभा होता. पिळदार शिंगं, पोटाखाली पांढरंशुभ्र. पन्नास पावलांवर त्याच्या माद्या चरत होत्या. वाऱ्याने सगळा माळ एकाच अंगाला लवला आणि परत उठला. या जमिनीला आपण पडीक म्हणतो. झाड नाही, पीक नाही, म्हणून पडीक. इथे मेंढरं जगतात, लांडगा जगतो, चंडोल जमिनीवर घरटं करतो, धनगरांच्या किती पिढ्या या गवतावर वाढल्या. 'तिथं काय आहे' हे विचारताना आपण बघायचं राहून गेलेलं असतं, हे मला त्या माळावर उभं राहून फार आतून जाणवलं, आणि लाज वाटली, कारण हा प्रश्न तीन महिने मीही विचारत होते.

घरी पोचल्यावर लेक पायमोजे काढायला बसली. दोन्ही मोज्यांत कुसळं. एकेक उपटताना ती वैतागली होती, तेव्हा मी एक कुसळ हातावर घेऊन तिला दाखवलं: खाली सुईसारखं टोकदार बी, वर लांब काळसर शेपूट, दोरीसारखा पीळ घातलेलं. गवताचं बी असंच कपड्याला, लोकरीला धरून गावं बदलतं. ओल मिळाली की शेपटाचा पीळ उलगडतो, बी गरगर फिरतं आणि मातीत शिरायला लागतं. वाळलं की पीळ परत बसतो, पुन्हा ओल आली की पुन्हा फिरतं.

तिचा विश्वास बसेना. तिने बशीत चमचाभर पाणी घेतलं, कुसळ त्यात ठेवलं आणि हनुवटी टेबलाला टेकवून बसली. थोडा वेळ काहीच नाही. मग शेपूट हललं.

"एक," ती म्हणाली. मग, "दीड."

मी फोन उचलला आणि मावशीला विचारलं, त्या पेरूच्या झाडाच्या घराचा हौद किती मोठा आहे.