पैसे काढायला आधी पैसे?

परवा भाच्याने मोबाईल पुढे केला. "मामा, बघा, चाळीस हजाराचे लाख झाले!" पैसे मिरचीचे, वरंगलच्या बाजारात विकलेल्या. म्हटलं, यातले पाच हजार आत्ता खात्यात घेऊन दाखव. ॲपचं उत्तर आलं : आधी वीस टक्के 'टॅक्स' भरा. सुरुवातीला एकदा पाचशे लगेच मिळाले होते, तेवढ्यावर गडी भुलला.

पैसे पाठवले ते कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर. सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरचा आयडी १ ऑक्टोबर २०२५ पासून '@व्हॅलिड'वाला मिळतो, 'सेबी चेक'वर तपासताही येतो. दोन मिनिटांचं काम.

परकीय चलनाच्या ॲपचं तर वेगळंच. रिझर्व्ह बँक २०२२ पासून अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी काढते. भाचा म्हणतो, "यादीत आपलं ॲप नाही." अरे, बँकच सांगते की यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. शिवाय फेमा कायद्याखाली कारवाई आपल्यावरही होऊ शकते. ग्रुपवरचे 'सर' हे कशाला सांगतील?

सिरोंच्यात तेंदूपत्त्याच्या शेकडा पुड्यांचा भाव आपण दहा जणांना विचारतो. ॲपबद्दल यानं कुणालाच विचारलं नाही. खरं तर मीही कधी चौकशी केली नव्हती.

१९३० ला फोन लावला तोवर चार दिवस उलटले होते. लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक देऊन तक्रार नोंदवली आहे. वीस टक्के भरले नाहीत, तेवढे वाचले.