गाडीचा पिवळा दिवा

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. हा दिवा नुसता लागून राहिला, तर बहुतेक वेळा गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. पण तो लुकलुकायला लागला, तर गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करायची असते. हा फरक मला माहीत नव्हता.

मागच्या वर्षी मी पुण्याहून एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दरवाजांची, लाल, दहा वर्षं वापरलेली. शिक्षकाला असली गाडी कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं. उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात गाडी धक्के देऊ लागली, ताकद गेली आणि तो दिवा लुकलुकू लागला. मी मात्र तशीच रेटत घरी आणली.

आपले मेकॅनिक याला 'मिसिंग' म्हणतात. इंजिन जागेवर मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा ठिणगी पडून पेट्रोल जळायला हवं. एखाद्या वेळी ते जळलं नाही, की क्रँकशाफ्टचा वेग क्षणभर कमी होतो. तिथला सेन्सर ते ओळखतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. दिवा लुकलुकतो तो यासाठी.

पहिल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड आला पी०३०२. लगेच चार कॉइल, चार प्लग, इंजेक्टर साफ करणे असा अंदाज कागदावर लिहून दिला. आकडा पाहून मी गाडी परत घेऊन आलो. या वेळी मात्र टो करून!

मग आठवला माझा एक जुना विद्यार्थी. आयटीआय करून आता स्वतःचं गॅरेज चालवतो. तो म्हणाला, "सर, शेवटचा दोन म्हणजे दुसरा सिलिंडर. एवढंच यंत्र सांगतं. का, ते आपण शोधायचं." त्याने दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसला, गाडी चालू केली. थोड्या वेळाने कोड आला पी०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला होता! तो सरकला नसता, तर याच पद्धतीने प्लग, मग इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासायचं. एक रुपयाचाही सुटा भाग न घेता हे कळलं.

मी म्हटलं, "मग बदलून टाक कॉइल." तो हसला. कॉइलचं खालचं रबर त्याने दाखवलं, तर ते तेलाने फुगलेलं. प्लगच्या खड्ड्यात बॅटरी मारली, तर आत इंजिन ऑइल. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत होतं. नुसती कॉइल बदलली असती, तर काही महिन्यांत पुन्हा तेच झालं असतं. आणि तसं झालंही होतं म्हणायला हवं, कारण चार कॉइलपैकी तीन जुनाट होत्या आणि बिघडलेली मात्र बरीच नवी दिसत होती.

गाडी घेताना दिवा बंद होता. मालकाने तो स्कॅनरने पुसला असणार. जुनी गाडी घेणार असाल तर एवढं कराच: चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागतो का ते पाहा. लागलाच नाही तर संशय घ्या. शिवाय स्कॅनर लावून गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण आहेत का तेही बघा. कोड नुकताच पुसला असेल, तर त्या अपूर्ण दिसतात.

पॅकिंग, एक कॉइल आणि चार प्लग बदलले. मिसिंग गेलं. मी खूश होतो, मालकाला फोनवर चार शब्दही सुनावले.

तीन आठवड्यांनी पिवळा दिवा पुन्हा लागला. या वेळी लुकलुकत नव्हता, शांत होता. कोड पी०४२०, म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. सायलेन्सरची गळती आणि ऑक्सिजन सेन्सर तपासले, दोन्ही ठीक निघाले. विद्यार्थ्याने विचारलं, "सर, घाटातून तुम्ही किती चालवली होती?"

मी सांगितलं. तो काही बोलला नाही, नव्या कन्व्हर्टरची किंमत तेवढी लिहून दिली.